नाडी हळूहळू उतरते: हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ होती: 'नाडीवर लक्ष ठेवा, १५ दिवसांनी दाखवा.' किती नाडी म्हणजे जास्त, किती म्हणजे कमी, ती दिवसातून कधी मोजायची, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. आणि हे आपण विचारायचं असतं, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही.

अण्णा जत तालुक्यातल्या आमच्या गावी राहायचे. हार्ट अटॅकनंतर त्यांचं पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, २५ टक्क्यांवर आलं आणि मी त्यांना मिरजेला माझ्याकडे आणलं. नुसते खुर्चीत बसलेले असले तरी नाडी ९४ असायची. आज ती ६२ असते. हे ३२ ठोके उतरायला सात महिने लागले. मध्ये एकदा पुन्हा ॲडमिट करावं लागलं आणि ते टाळता आलं असतं. ज्यांच्या घरात आत्ता नुकतंच 'हार्ट वीक झालंय, ठोके कमी करायची गोळी सुरू केलीय' असं सांगितलं गेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. गोळी कोणती, किती, केव्हा वाढवायची, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. पण ते ज्या माहितीवर ठरवतात ती माहिती घरातून जाते. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं रुग्णाला बघतात, उरलेला महिना रुग्ण आपल्याकडे असतो. त्या महिन्यात नाडी नीट मोजली आणि लिहिली तरच डोस ठरवायला त्यांच्या हाती काही राहतं.

१. आधी कागद आणि साधनं एका पिशवीत

प्रत्येक वेळी दवाखान्यात ही पिशवी बरोबर हवी:

- डिस्चार्ज कार्ड, जितकी असतील तितकी सगळी
- टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) शेवटचा रिपोर्ट आणि त्याच्या आधीचा
- ईसीजीची पट्टी. तिची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागदावरची शाई काही महिन्यांत पुसट होते
- रक्ताचे रिपोर्ट: क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. यादी नको, पाकिटंच न्या. डोळ्यांत घालायचे थेंब, आयुर्वेदिक काढे, गुडघ्यासाठीची गोळी, सगळं.

घरात लागतं ते फार नाही. दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र (मनगटावरचं घेऊ नका, ते हाताच्या स्थितीप्रमाणे आकडा बदलतं), वजनकाटा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही. गोळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली डबी मिळाली तर उत्तम.

२. ठोके कमी का करायचे, हे घरातल्या सगळ्यांना समजू द्या

गोळीवर विश्वास बसायचा तर हे आधी पटायला हवं. आमच्याकडे आत्याचं म्हणणं होतं, 'हृदय आधीच दमलंय, त्याला आणखी मंद कशाला करता?' प्रश्न चुकीचा नव्हता. एके काळी डॉक्टरही तसंच मानत. ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर गोळी हार्ट फेल्युअरमध्ये द्यायचीच नाही, असा नियम होता. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग इथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या सात रुग्णांना ती दिली आणि त्यांची तब्येत सुधारली, असं मांडलं. ते सर्वांना पटायला वीसेक वर्षं गेली. १९९९ मध्ये बायसोप्रोलॉल या गोळीचा २,६४७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी न मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १७.३ टक्के होतं, मिळालेल्यांत ११.८ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता, की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला.

कारण असं आहे. पंपिंग कमी झालं की शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून ते ॲड्रेनलिनसारखी रसायनं सोडून हृदयाला पळवत राहतं. दोन दिवस हे चालून जातं. महिनोनमहिने चाललं तर हृदयाचा स्नायू झिजतो, आणखी फुगतो. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जातं. ठोके जितके जलद, तितका तो विसावा तोकडा. ९४ ची नाडी म्हणजे दिवसाला १,३५,३६० ठोके, ६२ ची म्हणजे ८९,२८०. रोजचे ४६,०८० ठोके वाचतात. मी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर आत्यासमोर मांडला, तेव्हा ती म्हणाली, 'एवढं धावतंय होय ते!' त्यानंतर गोळीची वेळ तीच सांभाळू लागली.

३. डॉक्टरांना विचारा: ताल कोणता, पंपिंग किती?

ही पायरी गाळू नका. पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे, आणि शेजारच्या घरातली गोळी तुमच्या घरात का चालत नाही याचं उत्तरही इथेच आहे.

पंपिंग म्हणजे टूडी इकोत 'ईएफ' म्हणून लिहिलेला आकडा. साधारण ५५ च्या पुढे तो चांगला समजतात. ४० किंवा त्याखाली असेल तर ठोके उतरवण्याचा फायदा मोठ्या अभ्यासांत दिसलेला आहे. काहींना ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असतं. त्यांचे ठोके केवळ आकडा खाली आणायचा म्हणून उतरवण्यात तसा फायदा सिद्ध झालेला नाही. त्यांनी या लेखातले आकडे स्वतःला लावू नयेत.

ताल ईसीजीवरून कळतो. हृदयाचा नेहमीचा, नियमित ताल असेल तर त्याला डॉक्टर 'सायनस' म्हणतात. नाडी वेडीवाकडी, कधी दोन ठोके जवळ तर कधी लांब, अशी लागत असेल तर 'एट्रियल फिब्रिलेशन' असू शकतं. बोलताना सगळे एएफ म्हणतात. एएफमध्ये किती ठोके चालतील याचा हिशेब वेगळा असतो, बसल्या जागी ११० च्या आत असले तरी काही रुग्णांत चालवून घेतात. तिथे रक्त पातळ करायच्या गोळीचा प्रश्नही येतो.

आणखी एक गोष्ट. ठोके जास्त आहेत म्हणजे ते गोळीनेच उतरवायचे असं नाही. ताप, रक्त कमी असणं, वाढलेलं थायरॉईड, जुलाबाने शरीर सुकणं, या सगळ्यांत हृदय रास्त कारणाने पळतं. अण्णांचं हिमोग्लोबिन ९ होतं. त्यावर उपचार झाले तेव्हा नाडी गोळी न वाढवताच सहा-सात ठोक्यांनी खाली आली. म्हणून रक्ताचे ते रिपोर्ट पिशवीत हवेत.

याच भेटीत तीन आकडे विचारून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: नाडी कुठवर आणायची आहे, किती खाली गेली तर गोळी द्यायच्या आधी फोन करायचा, आणि वरचं बीपी किती खाली गेलं तर फोन करायचा. आमचे आकडे ६०, ५० आणि ९० होते. तुमचे वेगळे असू शकतील.

४. नाडी मोजायला शिका, यंत्रावर सगळं सोडू नका

रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा. जिना चढून आल्यावर, चहानंतर लगेच, भांडणाचा फोन झाल्यावर मोजू नका. तळहात वर, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर आपली दोन किंवा तीन बोटं हलकी ठेवा. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याला स्वतःचे ठोके असतात. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ताल अनियमित असेल तर पूर्ण एक मिनिट मोजा.

सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री गोळीच्या आधी, रोज त्याच वेळी. वहीत एका ओळीत तारीख, वेळ, नाडी, बीपी, वजन. शेवटी एक शब्द: 'चक्कर', 'बरं', 'जिन्यात दम', 'पायाला सूज'. डॉक्टरांनी आमच्या वहीत सगळ्यात आधी हा शेवटचा शब्दच वाचला, मग आकडे.

वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी साठलेलं असतं.

आता यंत्राबद्दल. एका रात्री बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने अण्णांची नाडी ४४ दाखवली. आम्ही घाबरलो, त्या रात्रीची गोळी दिलीच नाही आणि पहाटे त्यांना घेऊन दवाखाना गाठला. ईसीजीत ठोके ८८ होते. झालं असं होतं, की प्रत्येक नियमित ठोक्यापाठोपाठ एक जादा, अर्धवट ठोका पडत होता. तो इतका कमजोर, की त्याची लाट बोटापर्यंत पोहोचतच नव्हती. त्यामुळे यंत्राने बरोबर निम्मे मोजले. मनगटावरची नाडीसुद्धा अशा वेळी फसवते. म्हणून यंत्रावर अचानक फार कमी आकडा दिसला आणि रुग्णाला काहीच त्रास नसेल, तर छातीच्या डाव्या बाजूला स्तनाग्राच्या जरा खाली हात ठेवून किंवा स्टेथोस्कोप असेल तर त्याने एक मिनिट मोजा. आकडे जुळत नसतील तर ईसीजी काढून घ्या. चक्कर किंवा अंधारी येत असेल तर मात्र मोजत बसू नका.

५. बीटा ब्लॉकर: मुंगीच्या पावलाने

ठोके उतरवणारी पहिली गोळी हीच. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवतात हे नीट सिद्ध झालेल्या तीन आहेत: कार्व्हेडिलॉल, बायसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. वयस्कर रुग्णांना नेबिव्होलॉलही देतात.

मेटोप्रोलॉलच्या बाबतीत पाकीट वाचा. एक 'सक्सिनेट' असतं, सावकाश विरघळणारं, दिवसातून एकदा घ्यायचं. दुसरं 'टार्टरेट', लवकर उतरणारं. हार्ट फेल्युअरमध्ये पुरावा सक्सिनेटचा आहे. मेडिकलवाल्याने 'ही कंपनी वेगळी, औषध तेच' म्हणून दिलं तरी तो दुसरा शब्द तपासा. सावकाश विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून द्यायची नाही. मध्ये खाच असेल तर त्या खाचेवर अर्धी करता येते.

सुरुवातीचा डोस इतका लहान असतो, की घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी नावापुरती गोळी दिलीय. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बायसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅम एकदा, मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ ते २५ मिलिग्रॅम एकदा. तिथून साधारण दर दोन आठवड्यांनी, रुग्णाला झेपलं तर, डोस दुप्पट करत जातात. अभ्यासांत गाठलेलं टोक अनुक्रमे २५ मिलिग्रॅम दोनदा, १० मिलिग्रॅम आणि २०० मिलिग्रॅम होतं. सगळे तिथवर पोचत नाहीत. अण्णांचं बीपी मुळात कमी, ते कार्व्हेडिलॉलच्या १२.५ वर थांबले. तेवढ्यावर थांबणं म्हणजे हरणं नव्हे, पण थोड्याशा थकव्याला घाबरून पहिल्याच पायरीवर वर्षभर बसून राहणं हे रुग्णाचं नुकसान आहे. डॉक्टरांना दर भेटीत स्पष्ट विचारा, 'डोस वाढवता येईल का?' वही दाखवली की त्यांनाही धीर येतो.

छातीत पाणी भरलेलं असताना, दम लागत असताना ही गोळी नव्याने सुरू करत नाहीत. आधी पाण्याच्या गोळीने किंवा इंजेक्शनने ते पाणी उतरवतात. म्हणून दवाखान्यातून सुटीच्या वेळीच ती सुरू झालेली दिसते.

पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. डोस वाढवल्यावर रुग्णाला आधीपेक्षा जास्त गळाल्यासारखं वाटू शकतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित वजनही चढतं. फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. अण्णा तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, 'पोरी, ह्या गोळीनं मला म्हातारं केलं.' त्या दिवशी मी त्यांना समजावण्यात वेळ घालवला नाही, फोन केला. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकरला हात न लावता पाण्याच्या गोळीचा डोस बदलला आणि चार दिवसांत अण्णा पुन्हा गच्चीवर फिरू लागले. त्रास कशाचा आहे हे आपण घरात ठरवायचं नाही.

कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर द्या, त्याने बीपी एकदम पडत नाही. बिछान्यातून उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. पहाटे लघवीला उठताना तर नक्कीच.

मधुमेह असेल तर लक्ष द्या. साखर अचानक उतरली की छातीत धडधड होते, ती या गोळीमुळे जाणवत नाही. घाम मात्र सुटतो. इन्सुलिन घेणाऱ्याला कारणाशिवाय दरदरून घाम आला तर साखर तपासा. दमा असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, गोळीची निवड बदलते.

६. तरीही नाडी ७० च्या वर असेल तर: आयव्हाब्रॅडिन

बीटा ब्लॉकर झेपेल तितकं वाढवून झालं आणि बसल्या जागी नाडी अजून ७० किंवा त्याहून जास्त असेल, ताल सायनस असेल, पंपिंग ३५ टक्के किंवा खाली असेल, तर डॉक्टर या दुसऱ्या गोळीचा विचार करतात. ती हृदयात ठोका जिथून सुरू होतो त्या गाठीवरच काम करते. बीपी फारसं पाडत नाही. अण्णांसारख्या, बीपीमुळे अडकलेल्या रुग्णाला ती उपयोगी पडते. एएफमध्ये मात्र ठोका त्या गाठीतून निघतच नसतो, त्यामुळे तिथे हिचा उपयोग नाही.

२०१० मध्ये तिचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ६,५५८ रुग्णांचा. साधारण दोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर वाढून ॲडमिट होणं, यातलं काही तरी गोळी न मिळालेल्या शंभरातल्या २९ जणांना घडलं, मिळालेल्या शंभरातल्या २४ जणांना. त्यातला मोठा वाटा ॲडमिट होणं टळण्याचा होता. म्हणूनच ती बीटा ब्लॉकरच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. 'बीटा ब्लॉकरने थकवा येतो, त्यापेक्षा हीच एकटी द्या' असा आग्रह धरू नका. बीटा ब्लॉकर अजिबातच चालत नसेल तरच ती एकटी देतात.

सहसा ५ मिलिग्रॅम दोनदा, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २.५ पासून, जास्तीत जास्त ७.५ दोनदा. तीही जेवणाबरोबर. काहींना अंधारातून एकदम उजेडात आल्यावर डोळ्यांपुढे लखलख, वलयं दिसतात. त्या अभ्यासात असं शंभरात तिघांना झालं. ते डोळ्याचं दुखणं नसतं आणि बहुतेकांत ओसरतं, पण रात्री गाडी चालवणाऱ्याने सावध असावं. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. घरातली रुग्ण तरुण स्त्री असेल तर हे आधीच बोला. ही गोळी सुरू असताना नाडी अचानक अनियमित लागू लागली तर ईसीजी काढून घ्या, कारण एएफ सुरू झालेलं असू शकतं.

डिगॉक्सिन ही जुनी गोळी अजूनही दिसते, जास्त करून एएफ असलेल्यांकडे. १९९७ च्या मोठ्या अभ्यासात तिने ॲडमिट होणं कमी केलं, मृत्यू कमी केले नाहीत. तिचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं. मूत्रपिंड मंदावलेलं किंवा पोटॅशियम उतरलेलं असेल तर ते आणखी कमी होतं. मळमळ, जेवण नकोसं होणं, पिवळसर दिसणं, नाडी फार मंद होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि गावाकडच्यांना कळकळीने सांगते: पिवळ्या कण्हेरीच्या बियांत याच जातीचं विष असतं. कुणी 'हृदयाला चांगलं' म्हणून तिचं काही सांगितलं तर घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नका.

७. बाकीच्या गोळ्या जिथे घात करतात

यातली प्रत्येक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती.

काचबिंदूचे थेंब. 'टिमोलॉल' हे डोळ्यात घालायचं औषधसुद्धा बीटा ब्लॉकरच आहे आणि डोळ्यातून ते रक्तात उतरतं. थेंब आणि गोळी मिळून नाडी नको इतकी खाली जाऊ शकते. थेंबाला कुणी औषध समजत नाही, म्हणून ते यादीतून सुटतं.

नायट्यावरची गोळी. आपल्याकडे नायट्यासाठी इट्राकोनॅझोल सर्रास दिलं जातं. ते हार्ट फेल्युअर वाढवू शकतं आणि आयव्हाब्रॅडिनचं रक्तातलं प्रमाणही चढवतं. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या दाखवल्याशिवाय ती घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही आयव्हाब्रॅडिनबरोबर चालत नाही. ग्रेपफ्रूटचा रस टाळायला सांगतात. पपनस त्याच्याच नात्यातलं फळ, तेव्हा ते दिवसांत आलं की आधी विचारा.

डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल. याही ठोके उतरवणाऱ्याच गोळ्या, पण पंपिंग कमी असेल तर हृदयाला आणखी कमजोर करतात. जुन्या बीपीच्या कागदावर असतील तर डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या.

गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन शरीरात पाणी धरून ठेवतात. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफिड्रिन असतं, ते बीपी चढवतं, आणि स्यूडोएफिड्रिन ठोकेही. आमच्या घरात सर्दीची गोळी आता विचारल्याशिवाय येत नाही.

मीठ. लोणचं, पापड, फरसाण कमी करायचं हे सगळे सांगतात. सैंधव मीठ म्हणजे पथ्याचं मीठ असं समजू नका, त्यातही सोडियम आहेच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. पोटॅशियम धरून ठेवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असताना ते आणि रोजचं नारळपाणी मिळून पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं.

उपवास. आषाढीला अण्णांनी सकाळची गोळी घेतली नाही, कारण 'पोटात काही नाही.' उपवास धरायचाच असेल तर गोळीच्या वेळी दूध, रताळं, केळं, काही तरी खाऊन गोळी घ्यायची, आणि कडक निरंकार उपवास करायचाच नाही. हे एकादशीच्या आदल्या दिवशी ठरवा, त्या दिवशी सकाळी वाद नको.

८. फोन केव्हा, दवाखाना केव्हा

नाडी तुमच्या खालच्या आकड्याच्या आत आली, पण माणूस बरा आहे: गोळी द्यायच्या आधी फोन. चक्कर वाढत चालली, तीन दिवसांत दोन किलो चढले, पायांची सूज वर सरकली, रात्री आणखी एक उशी लागू लागली: त्याच दिवशी फोन.

शुद्ध हरपली, मंद नाडीबरोबर अंगाला थंड घाम आला, बसल्या जागी दम लागतोय, छातीत दुखतंय, खोकल्यातून गुलाबी फेस येतोय: फोनवर विचारत बसू नका, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. कागदांची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असावी.

९. बरं वाटू लागलं की खरी परीक्षा

चौथ्या महिन्यात अण्णांची नाडी ६६ वर आली. दम गेला, सूज गेली. ते गावी गेले आणि तिथे नाडी मोजून एक जण म्हणाला, 'आता तर झकास आहे, कशाला पोटात विष घालता?' अण्णांनी ठोक्यांची गोळी बंद केली. आम्हाला सांगितलं नाही. सहाव्या दिवशी नाडी ११८, छातीत पाणी, पुन्हा आयसीयू.

नाडी चांगली होती ती गोळीमुळे. बीटा ब्लॉकर एकदम बंद केलं की इतके दिवस थोपवलेलं ॲड्रेनलिन एकदम हृदयावर येतं. काही कारणाने बंद करायचीच असेल तर तीही उतरत्या डोसने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि पंपिंग सुधारल्यावर? २०१८ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी हेच तपासलं. हृदय फुगून मग पूर्ण सावरलेल्या २५ रुग्णांच्या गोळ्या त्यांनी हळूहळू, काळजीपूर्वक थांबवल्या. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला. ज्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या त्यांच्यात तेवढ्या काळात एकाचाही नाही.

तेव्हा गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी नव्या आणा. खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना उघड सांगा, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जन औषधी केंद्रावर विचारा. पैशांसाठी एक दिवसाआड गोळी घेणारे मी वेटिंग रूममध्ये पाहिले आहेत, आणि डॉक्टरांना ते कधीच कळत नाही. गावी जाताना मोजून आठवड्याच्या जास्त गोळ्या बरोबर द्या. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची, अगदी मोतीबिंदूची वेळ आली तरी त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

गेल्या महिन्यात टूडी इको झाला. पंपिंग ३८. अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, 'आता एखादी तरी कमी करा की.' डॉक्टरांनी वही मागितली, शेवटची चार पानं चाळली आणि पाण्याची गोळी अर्धी केली. ठोक्यांच्या दोन्ही गोळ्या आहेत तशाच आहेत. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात आता त्या दोन्हींची नावं आणि डोस लिहिलेला कागद असतो, आणि गावच्या घरातही तसाच एक, देवघराशेजारच्या भिंतीवर, चार जणांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.